मेरेर मुकादमाची रोजनिशी

दिवसभर टोळीसह दक्षिण तुराच्या खाणीत दगड भरले, रात्री मुक्काम तिथेच. दुसऱ्या दिवशी भरलेली होडी सुटली, रात्र ‘खुफूच्या तळ्या’पाशी काढली. मग गिझाला माल उतरवला. रिकामी होडी परत तुराला, आणि पुन्हा तेच. वाचताना जांभई यावी अशा नोंदी. पण त्या साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या आहेत, आणि तो माल चालला होता इजिप्तच्या खुफू राजाच्या पिरॅमिडवर.

लिहिणाऱ्याचं नाव मेरेर, साधारण ४० माणसांच्या टोळीचा मुकादम. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ पिएर ताले यांच्या पथकाला २०१३ मध्ये तांबड्या समुद्राकाठी, वादी अल-जर्फ इथे हे कागद सापडले. लिहिलेले इतके जुने पपायरस (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेले कागद) आजवर दुसरीकडे कुठेही मिळालेले नाहीत. वर महिना, त्याखाली दिवसांचे ३० चौकोन, आणि प्रत्येक दिवसाखाली मजकुराच्या दोन उभ्या ओळी. सोबत धान्याचे हिशेबही आहेत: किती यायचं, किती आलं, किती बाकी. कुठल्याही कारकुनाला हे कोष्टक ओळखीचं वाटेल.

पिरॅमिडचं गूढ म्हणून, अगदी ते परग्रहवासीयांनी बांधले इथपर्यंत, जे काही खपवलं जातं, त्यापेक्षा मला हे कोष्टक जास्त थरारक वाटतं. कारण खरा प्रश्न ‘एवढा मोठा दगड उचलला कसा’ हा नव्हताच. सुमारे २३ लाख दगड, सरासरी वजन अडीच टन. वीस वर्षांत काम उरकायचं तर दिवसाला तीनशेच्या वर दगड बसले पाहिजेत. दहा तासांचा दिवस धरला तर दर दोन मिनिटांना एक! एक दगड वर नेण्याच्या युक्त्या दहा सुचतील. पण लागोपाठ वीस वर्षं दगड, दोर, भाकरी आणि माणसं वेळेवर पोचवायची, तर परग्रहवासी कामाचे नाहीत, हिशेबनीस हवेत.

बहुतेक दगड गिझाच्याच पठारावरचे, म्हणजे खाण बांधकामाच्या शेजारीच. बाहेरच्या आवरणाची पांढरीशुभ्र चुनखडी मात्र नाईलच्या पूर्व काठावरच्या तुराहून यायची, आणि आतल्या दालनाचा ग्रॅनाइट आठशेएक किलोमीटरवरच्या अस्वानहून. म्हणून नदी महत्त्वाची. मेरेरच्या या फेऱ्या पुराच्या हंगामातल्या आहेत. नाईल फुगली की पाणी कालव्यांतून आणि तळ्यांतून पठाराच्या पायथ्यापर्यंत यायचं, आणि होडी जवळजवळ कामाच्या दारात लागायची. दहा दिवसांत त्याच्या दोन-तीन फेऱ्या होत.

होडीतून उतरलेला दगड पुढे लाकडी घसरगाडीवर चढायचा. खुफूनंतर सहा-सातशे वर्षांनी होऊन गेलेल्या जेहुतिहोतेप नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात याचं एक चित्र आहे. घसरगाडीवर प्रचंड पुतळा, पुढे दोर ओढणाऱ्या माणसांच्या रांगा, आणि गाडीच्या टोकाला उभा एक जण समोरच्या वाळूवर पाणी ओततोय. बरीच वर्षं हा धार्मिक विधी मानला जाई. २०१४ मध्ये ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी छोटी घसरगाडी वाळूवरून ओढून पाहिली. कोरडी वाळू गाडीपुढे ढीग करून अडवते. बेताची ओली केली की कणांमधलं पाणी त्यांना धरून ठेवतं, वाळू टणक होते आणि ओढायला जवळपास निम्मंच बळ लागतं. समुद्रकिनाऱ्यावर वाळूचा किल्ला ओल्या वाळूचाच का टिकतो, त्याचं कारणही हेच. पाणी जास्त झालं तर मात्र फायदा जातो. तो पाणी ओतणारा माणूस अंदाजाचा पक्का असला पाहिजे.

पिरॅमिड गुलामांनी चाबकाखाली बांधले, ही समजूतही आता टिकत नाही. गिझाच्या दक्षिणेला कामगारांची वस्ती सापडली आहे: बेकऱ्या, निजायच्या लांबलचक पडव्या, गुराढोरांची ढीगभर हाडं. जवळच त्यांची थडगी आहेत. राजाच्या स्मारकाशेजारी गुलामांना कुणी थडगं बांधून देत नाही. काही सांगाड्यांत मोडून नीट जुळलेली हाडं दिसतात, म्हणजे उपचारही होत होते. काम सुखाचं होतं असं मात्र नाही. झिजलेले मणके वेगळंच सांगतात.

मेरेरच्या नोंदींत अंखहाफचंही नाव येतं. हा खुफूचा सावत्र भाऊ, आणि माल उतरवण्याच्या ठिकाणाचा कारभार त्याच्याकडे. त्याचा रंगवलेला अर्धपुतळा बॉस्टनच्या संग्रहालयात आहे: थोडा थकलेला, डोळ्यांखाली फुगवटे असलेला चेहरा. खुद्द खुफूचा मात्र नक्की त्याचाच म्हणता येईल असा पूर्ण पुतळा एकच, हस्तिदंती, जेमतेम साडेसात सेंटिमीटरचा. त्याचा पिरॅमिड मूळचा १४६ मीटर उंच होता.

आणि गिझाच्या बांधकामाचे हे कागद तांबड्या समुद्राकाठी कसे? पुढची कामगिरी तिकडची होती. समुद्रापलीकडच्या सिनाईतून तांबं आणायचं तर जहाजं या बंदरातून सुटत. हंगाम संपला की सुटी केलेली जहाजं खडकात कोरलेल्या लांब भुयारांत ठेवायची आणि तोंडं मोठ्या दगडांनी बंद करायची. तशा दोन दगडांच्या फटीत मेरेरची रोजनिशी सापडली.