फड्या निवडुंग

नागाच्या फड्यासारखी चपटी, मांसल कांडी एकावर एक येत वाढणारे काटेरी झुडूप. नागफणी हे त्याचे दुसरे नाव. शास्त्रीय प्रजाती ओपन्शिया. मूळचे अमेरिका खंडांतले. त्रिधारी निवडुंग वेगळा, एरंडाच्या कुळातला. त्याला टोचले की पांढरा चीक येतो, फड्याला येत नाही. पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली असे सांगतात. तो निवडुंग कोणता, हे नावावरून कळत नाही.

फडा म्हणजे पान नव्हे, खोड. त्याची रंध्रे रात्री उघडतात, म्हणून उन्हात पाणी उडून जात नाही.

लागवड फड्यापासूनच होते. जून फडा सांध्यावर कापून एक-दोन आठवडे सावलीत पडू द्यावा. जखम वाळून खपली धरली पाहिजे. ओला फडा मातीत कुजतो. मग खालचा तिसरा हिस्सा मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत गाडावा. पहिले पाणी आठ-दहा दिवसांनी. फडे सुरकुतले तर झाड तहानलेले. बुडाशी मऊ, पिवळट झाले तर पाणी जास्त झाले. कुंडीतले फडे बहुधा या दुसऱ्या कारणानेच जातात.

लांब काटे निदान दिसतात. खरा जाच ठिपक्यांतल्या केसाळ कुसांचा. चिकटपट्टी दाबून ओढली की काही निघतात.

फड्यावर कापसासारखे पुंजके दिसले आणि चिरडताच लालभडक रंग निघाला, तर ते कोचिनील किडे. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवून काढावेत. याच किरमिजी रंगाच्या लोभाने १७९५ मध्ये ब्राझीलहून किडे बंगालमध्ये आणले गेले. जात भलतीच निघाली: रंग निकृष्ट, पण निवडुंगाचा फडशा पाडला. किड्याने तण आटोक्यात आल्याचे हे फार जुने उदाहरण. ऑस्ट्रेलियात १९२५ मध्ये अर्जेंटिनाहून मुद्दाम एका पतंग-किड्याची अंडी नेली. त्यांतल्या अळ्यांनी निवडुंगाखालची अफाट जमीन मोकळी केली.

दुष्काळात काटे जाळून फडे गुरांना घालतात. वैरणीसाठी बिनकाट्याची जातही लावतात. फड्यात नऊ-दशांश पाणी, प्रथिने नावाला. नुसता घातला तर शेण पातळ होते, म्हणून कडब्याची कुट्टी मिसळावी.

बोंडे पिकून जांभळट लाल होतात. ती काठीने पाडायची, गवतावर घोळून कुसे काढायची, मग सोलायची. गर गोड, बिया टणक, जीभ लालचुटूक. घोळण्यात घाई झाली तर कुसे जिभेत.