एमपीथ्री प्लेअर, संगणकावरील (सोलापूर)

एमपीथ्री, म्हणजे दाबून लहान केलेल्या ध्वनिफायलींच्या रूपात, संगणकात साठवलेली गाणी वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरचा एक प्रकार. साधारणपणे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची दहा-बारा वर्षे घरच्या संगणकावर गाणी ऐकली गेली ती प्रामुख्याने यावरच. विनॅम्प हा त्यांतील सर्वांत परिचित.

उगम : पहिला प्लेअर कोणता, याविषयी मतभेद आहेत. जर्मनीतील एर्लांगेन येथील फ्राउनहोफर या संशोधन संस्थेने जुलै १९९५ मध्ये ‘एमपीथ्री’ हा फाइलनामाचा प्रत्यय ठरवला आणि त्याच वर्षी विनप्ले-३ हा विंडोजवर चालणारा प्लेअर उपलब्ध करून दिला. केवळ कालक्रम धरला तर मान त्याचाच. दुसरे मत तोमिस्लाव उझेलाक यांच्या ‘एएमपी’ या डिकोडरला, म्हणजे दाबलेली फाइल पुन्हा आवाजात उलगडणाऱ्या प्रोग्रॅमला, महत्त्व देते, कारण विनॅम्प त्यावरच उभा राहिला. जस्टिन फ्रँकेल व दिमित्री बोल्डीरेव यांनी विनॅम्प २१ एप्रिल १९९७ रोजी प्रसृत केला. गाण्यांची यादी, आवाजातील खर्ज-तार कमी-जास्त करणारा दहा पट्ट्यांचा इक्वलायझर आणि हवा तसा बदलता येणारा चेहरा, म्हणजे स्किन, हे सारे पुढच्या वर्ष-दीड वर्षात त्यात एकत्र आले. लोकांच्या आठवणीत राहिलेला प्लेअर हाच असल्याने येथे १९९७ हे आरंभवर्ष मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

रचना : मुख्य खिडकी २७५ × ११६ पिक्सेलची. स्किन म्हणजे चित्रफायलींचे झिप केलेले गाठोडे असे. त्यातील एका चित्रात रोमन अक्षरे ओळीने मांडलेली असत, प्रत्येक अक्षर ५ × ६ पिक्सेलचे. देवनागरीची शिरोरेघ, वरची मात्रा आणि खालचा उकार एवढ्या जागेत बसणे शक्यच नव्हते. गाण्याची माहिती साठवणारा आयडी-३ टॅग (पहिली आवृत्ती, १९९६) फाइलच्या शेवटच्या १२८ बाइटांत मावे. त्यात शीर्षकाला ३० अक्षरे, गायकाला ३०, वर्षाला ४ आणि संगीतप्रकाराला अवघा एक बाइट. परिणामी मराठी गाण्यांची नावे रोमन लिपीत आणि ज्याच्या-त्याच्या स्पेलिंगने लिहिली गेली. अभंगाचा लांब चरण तर मध्येच तुटे. प्रकारांची मूळ यादी ८० नोंदींची होती व विनॅम्पने ती वाढवली, तरी लावणी, भावगीत, पोवाडा यांना तिच्यात जागा मिळाली नाही. ज्या सोलापुरात बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी कन्नड भक्तिपर वचने रचली, तेथील वचनगायनही ‘फोक’ किंवा ‘अदर’ या खान्यातच पडे. ही उणीव किरकोळ नव्हे. जुन्या सीड्यांवरून गाणी ओळखताना ती आजही आडवी येते.

सोलापुरातील वापर : असेम्बल केलेला संगणक, जोडीला वूफरचा स्पीकर सेट आणि मित्राकडून ‘मारून’ आणलेली सीडी, ही घराघरांतली नेहमीची मांडणी. १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) दर्जाचे एक मिनिट सुमारे १ एमबी घेई, त्यामुळे ७०० एमबीच्या सीडीत जवळपास १२ तासांची गाणी बसत. या शहराचे वैशिष्ट्य फोल्डरांत उतरले आहे. पूर्व भागातील विणकर कुटुंबांमुळे तेलुगू, सीमेलगतच्या वावरामुळे कन्नड आणि यांच्या बरोबरीने मराठी व हिंदी. चार भाषांची गाणी एकाच यादीत सरमिसळ होत आणि ‘शफल’ दाबले की लावणीनंतर तेलुगू चित्रपटगीत लागे. कंपनीच्या कॅसेटच्या क्रमात असे ऐकणे क्वचितच घडले असते.

पुढे मोबाइलच्या दुकानांत ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. हा व्यवहार बहुतांशी विनापरवाना होता. याच काळात रिमोटमधल्या बारीक सेलवर चालणारे, पेन ड्राइव्हसारखे दिसणारे चिनी प्लेअर आले. या जातीच्या आद्य उपकरणांपैकी रिओ पीएमपी-३०० (१९९८) याची साठवण ३२ एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाची गाणी.

उत्तरकाल : एओएल कंपनीने १९९९ मध्ये विनॅम्प विकत घेतला. २००२ ची तिसरी आवृत्ती जड ठरली व अनेकांनी दुसरीच चालू ठेवली. डिसेंबर २००३ मध्ये पाचवी आली. २०१४ मध्ये मालकी रेडिओनॉमी या कंपनीकडे गेली आणि ५.९ ही आवृत्ती २०२२ मध्ये निघाली. हजारो स्किन आता इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल संग्रहालयात जतन केलेल्या आहेत. घरोघरी भरलेल्या सीड्यांचे तसे झालेले नाही. त्यांच्यावरील रंगद्रव्याचा थर काळाबरोबर खराब होत असल्याने त्यांची नक्कल लवकर करून ठेवणे इष्ट आणि त्या वेळी टॅगमधील नावे देवनागरीत, तेलुगू व कन्नड लिपीत नव्याने भरून घ्यावीत. आयडी-३ ची दुसरी आवृत्ती युनिकोड स्वीकारते.