उंदराच्या मेंदूतला ताल: जीनवाले आणि इलेक्ट्रोडवाले एकत्र कसे आले

आपल्या गोव्यात उंदीर म्हटलं की लोकांना आधी लेप्टो आठवतो, पण आठवणी कशा बनतात याबद्दल जे काय कळलंय त्यातलं बरंच या प्राण्यानेच शिकवलंय. जीन काढलेल्या उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी बनवणाऱ्या भागात, विजेच्या लाटांचा ताल मोजणं आज कॉमन आहे, पूर्वी जीन काढणं आणि ताल मोजणं या दोन वेगळ्या दुनिया होत्या.

एका बाजूला इलेक्ट्रोडवाले, म्हणजे बारीक तारांनी मेंदूतली वीज मोजणारे. युंग आणि कोर्नम्युलरला 1938 मध्येच सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये हळू, नियमित लाटा दिसल्या होत्या, यालाच पुढे थीटा म्हणायला लागले. 1957 मध्ये स्कोव्हिल आणि मिल्नरने लिहिलं की हा भाग काढलेल्या पेशंटला नवीन काही लक्षातच राहत नाही, तेव्हा कुठे सगळ्यांचं लक्ष इकडे वळलं. 1969 ला व्हँडरवुल्फने दाखवलं की रॅट (मोठ्या जातीचा उंदीर) चालायला लागला की थीटा सुरू होतो, आणि 1971 मध्ये ओकीफ आणि दोस्त्रोव्स्कीला प्लेस सेल सापडले, म्हणजे प्राणी ठरावीक जागी आला की फायर होणाऱ्या (विजेचा सिग्नल देणाऱ्या) पेशी, समजा तुम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फिरताय आणि एक पेशी फक्त केळीवाल्यांच्या कोपऱ्यातच फायर होते, दुसरी फक्त चोरीसवालीपाशी, तसं. 1993 ला अजून एक भारी गोष्ट कळली, प्राणी त्या जागेतून पुढे जाईल तशी ती पेशी थीटाच्या लाटेत आधी-आधी फायर होत जाते. म्हणजे किती वेळा फायर झाली एवढंच नाही, कधी झाली तेही महत्त्वाचं.

हे सगळं मुख्यतः रॅटवर, आणि अडचण तिथेच होती. दुसऱ्या बाजूच्या जीनवाल्यांचं जीन काढायचं तंत्र 1989 च्या सुमारास आलं ते छोट्या माउसमध्ये, रॅटमध्ये ते जमत नव्हतं, आणि माउसचं वजन पंचवीस-तीस ग्रॅम, त्याच्या डोक्यावर इलेक्ट्रोड बसवायचे म्हणजे कसरतच. दोघांची गाठ पडली 1996 ला, अमेरिकेतल्या एमआयटीत. अँटीबॉडीच्या जीनसाठी नोबेल मिळालेल्या तोनेगावांच्या लॅबने फक्त हिप्पोकॅम्पसच्या सीए1 भागातला एनएमडीए रिसेप्टर (शिकताना पेशींमधले जोड पक्के करायला लागणारं प्रोटीन) काढला. उंदीर रस्ता शिकायला कमी पडले, प्लेस सेल होते पण त्यांच्या जागा पसरट झाल्या आणि शेजारच्या जागांच्या पेशींचा एकमेकींशी मेळ बसेना.

माझ्या मते खरा मुद्दा हा मेळच आहे. एफएमआर1 जीन नसलेल्या उंदरात, म्हणजे फ्रॅजाइल एक्स या बौद्धिक वाढीवर परिणाम करणाऱ्या जनुकीय आजाराच्या मॉडेलमध्ये, 2018 ला असंच दिसलं, प्लेस सेलच्या जागा नॉर्मल पण पेशींचं आपसातलं टायमिंग बिघडलेलं. एकेक पेशी बघितली असती तर उंदीर ठीक आहे असंच वाटलं असतं, म्हणून आता लॅबवाले एकाच वेळी शक्य तितक्या पेशी आणि त्यासोबत लाटाही रेकॉर्ड करतात.