फोडणीचा ठसका आणि व्हेपमधला आंबा

मिरची आमटीत असली की चव, आणि फोडणीत करपली की घरभर ठसका. वस्तू एकच, पण एकदा ती पोटात जाते आणि एकदा श्वासात. ई-सिगारेटमधल्या स्वादांबद्दलची काळजी नेमकी इथूनच सुरू होते.

व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, द्रवात वाफ तयार करणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, बहुतेकदा निकोटिन आणि वर एसेन्स असतो. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३च्या सुमारास आजच्या ई-सिगारेटचं रूप घडवलं. मग आंबा, व्हॅनिला, दालचिनी असे स्वाद आले, ते खाद्यउद्योगातून आयते. अमेरिकेत १९५८च्या कायद्यापासून ‘सर्वसाधारणपणे सुरक्षित’ मानलेल्या पदार्थांना वेगळ्या परवानगीची गरज नसते. एसेन्स उत्पादकांच्या संघटनेची तज्ज्ञ समिती तशी यादी करते. पण ती यादी खाण्यापुरती. व्हेपसाठी तिचा आधार घेऊ नका, असं पुढे त्या संघटनेनेच सांगितलं. गिरगाव चौपाटीवरच्या गोळ्यावर ओततात तो रंगीत पाक गरम करून फुप्फुसात ओढायचा, असा विचार करून पाहा.

पहिली धोक्याची घंटा वाजली ती व्हेपमुळे नव्हे, पॉपकॉर्नमुळे. २००० साली मिसुरी राज्यातल्या जॅस्पर गावच्या पॉपकॉर्न कारखान्यातल्या आठ माजी कामगारांना ब्राँकिओलायटिस ऑब्लिटरन्स, म्हणजेच पुढे ‘पॉपकॉर्न लंग’ म्हटला गेलेला आजार, झाल्याचं उघड झालं. यात फुप्फुसातल्या अगदी बारीक श्वासनलिका व्रण पडून आक्रसतात आणि पुन्हा मोकळ्या होत नाहीत. गरम तेलात लोण्याचा स्वाद मिसळायच्या खोलीतल्या कामगारांना सर्वाधिक त्रास होता. संशयित ठरलं डायअसेटिल, म्हणजे लोण्याला लोण्याचा वास देणारं रसायन. लोणी खाऊन हा आजार कुणाला झाला नव्हता.

हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५मध्ये ५१ स्वादांच्या ई-सिगारेट तपासल्या, तेव्हा ३९ मध्ये डायअसेटिल निघालं. त्याच्या जागी वापरलं जाणारं पेंटेनडायोनही निर्धोक नाही. अर्थात सिगारेटच्या धुरातही डायअसेटिल असतं, आणि तेही जास्त. त्यामुळे व्हेपने ‘पॉपकॉर्न लंग’ होतोच, असं व्हॉट्सॲपवर ठोकून देणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. दालचिनीचं सिनामल्डिहाइड आणि चेरीचं बेन्झाल्डिहाइड यांचं दुखणं निराळं. ही रसायनं बाटलीतच प्रॉपिलीन ग्लायकॉलशी संयोग पावून नवी संयुगं तयार करतात, असं २०१८मध्ये दिसून आलं. बाटलीत घातलं एक आणि ओढलं गेलं भलतंच!

२०१९मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी २०२०पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले. दोष मुख्यतः गांजाच्या अर्कात मिसळलेल्या ‘व्हिटॅमिन ई ॲसिटेट’चा होता. ते स्वादद्रव्य नाही, तरी चर्चेत दोन्हींची खिचडी होते.

मुंबईला सुवासिक धूर नवा नव्हता. लोअर परळच्या कमला मिल्समधल्या डिसेंबर २०१७च्या आगीत १४ जण गेले, आग हुक्क्याच्या निखाऱ्यांनी लागल्याचं तपासात म्हटलं गेलं, आणि पुढच्या वर्षी राज्याने हुक्का पार्लरवर बंदी घातली. १८ सप्टेंबर २०१९ला केंद्राने अध्यादेश काढून ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळंच बंद केलं. डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. निकोटिन असो-नसो, स्वाद असो-नसो, वाफ ओढायचं यंत्र म्हटलं की बंदी.

ब्रिटनने उलट वाट धरली: विक्री चालू, पण द्रवात डायअसेटिल चालणार नाही आणि घटकांची माहिती आधी कळवायची. आपल्याकडे कॉलेजच्या आसपास चोरून मिळणाऱ्या डबीवर आंब्याचं चित्र असतं. आत काय आहे हे सांगायला कुणी बांधील नाही, कारण कायद्याच्या लेखी ती डबी बाजारात नाहीच.