घाम निथळतो, पण अंग निवत नाही

होळीच्या आसपास पणजीच्या मिरामारला किंवा कांपालला सकाळी चालायला येणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. महिनाभरापूर्वी सहज व्हायच्या तेवढ्या फेऱ्या आता होत नाहीत, लवकर दम लागतो, छाती धडधडते. वय झालं, वजन वाढलं, असं म्हणत माणसं स्वतःला दोष देतात आणि दुसऱ्या दिवशी हट्टाने आणखी जोर लावतात. खरं तर बहुतेकांच्या बाबतीत एवढंच घडलेलं असतं, की हवा बदलली आहे आणि शरीराला तिच्याशी जुळवून घ्यायला अजून वेळ मिळालेला नाही.

व्यायाम करताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात, तिचा जेमतेम पाव हिस्सा हालचालीच्या कामी येतो. बाकी सगळी उष्णता होते. तासाभराच्या धावण्यात ५०० कॅलरी खर्च झाल्या, तर पावणेचारशेच्या आसपास कॅलरींची उष्णता शरीराला बाहेर टाकावी लागते. त्यासाठी घामाची सोय आहे. एक लिटर घाम त्वचेवरून उडून गेला तर तो सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणजे हिशेबाने पाऊण लिटरही पुरे. मात्र तो उडून जायला हवा. कोपरावरून टपकन जमिनीवर पडणारा थेंब जवळजवळ काहीच उष्णता नेत नाही. त्यात शरीराचं पाणी जातं, मीठ जातं आणि अंग तापलेलंच राहतं.

गोव्याच्या उन्हाळ्याची खरी गोम इथे आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून त्यावर वारा घातला, की पाणी उडताना तो थंड होतो. जिथवर तो उतरतो, तो आकडा घामाच्या कामाचा; तो जितका खाली, तितकं घामाने अंग निवणं सोपं. नागपुरात ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हा ओला तापमापक सुमारे २२ अंशांपर्यंत उतरतो. पणजीत ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असेल, तर तो साडेसत्तावीसच्या खाली येत नाही. नागपूरचं ऊन सोपं आहे असा याचा अर्थ नाही. तिथे हवाच त्वचेपेक्षा गरम असते आणि अंगाला तापवते. पण ‘आपल्याकडे ३३ तर आहे’ या समजुतीवर गोव्यात दुपारी धावायला निघणं धोक्याचं आहे. सैनिक आणि खेळाडूंच्या सरावासाठी जगभर वापरला जाणारा उष्णतेचा निर्देशांक १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी तयार झाला. त्यात ओल्या तापमापकाला ७० टक्के वजन आहे, तर साध्या हवेच्या तापमानाला फक्त १० टक्के.

मग सकाळी तर आर्द्रता ८५-९० टक्के असते, तेव्हा व्यायाम करायचा का? करायचा, आणि तेव्हाच करायचा. हवामानाच्या अ‍ॅपवरचा टक्का इथे फसवतो. गार हवेत बाष्प मावतंच कमी, म्हणून टक्का मोठा दिसतो. प्रत्यक्षात पहाटेच्या २४ अंशांच्या हवेत दुपारपेक्षा बाष्प कमी असतं आणि घाम उडायला वाव जास्त. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना संध्याकाळही चालते, कारण समुद्रावरून येणारा वारा अंगालगतची दमट हवा हटवत राहतो. फोंडा, वाळपई, सांगे या बाजूला डोंगरांच्या आडोशाला तो वारा क्षीण होतो. तिथल्या माणसाने पहाटच धरावी.

आता मुख्य गोष्ट. शरीर उष्णतेला सरावतं, आणि हा सराव मोजता येतो. रोज तासभर उष्ण हवेत बेताची हालचाल ठेवली, तर पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं, त्यामुळे त्वचेकडे रक्त पाठवूनही हृदयाला ओढाताण होत नाही आणि नाडी खाली येते. त्यानंतर घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. सारं बसायला दहा ते चौदा दिवस लागतात. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत १९३० च्या दशकापासून नव्या मजुरांना याच तत्त्वावर हळूहळू सरावू दिलं जाई.

म्हणूनच मला मे महिन्यापेक्षा मार्चची भीती जास्त वाटते. मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे जोर धरतात तेव्हा समुद्राचा वारा उशिरा सुरू होतो आणि पारा अचानक चढतो. २०२३ च्या मार्चमध्ये गोव्यात उष्णतेच्या लाटेचा इशारा आला आणि शाळा दुपारी बाराला सोडाव्या लागल्या. अशा वेळी कुणाचंच शरीर सरावलेलं नसतं.

तेव्हा पहिल्या आठवड्यात व्यायाम निम्म्यावर आणा आणि दुसऱ्या आठवड्यात थोडा थोडा वाढवा. वेगाकडे बघू नका, नाडीकडे बघा. फेब्रुवारीत ज्या वेगाला नाडी १३० असायची, तिथे आता १४५ लागत असेल तर वेग कमी करा. एसी जिममध्ये दिवस काढणाऱ्यांना हा सराव होत नाही, हे रविवारी अचानक डोंगर चढायला निघण्याआधी ध्यानात घ्यावं. वजन उतरावं म्हणून प्लास्टिकचा सूट घालून पळणाऱ्यांना तर हात जोडून सांगावंसं वाटतं: त्यात उतरतं ते पाणी, चरबी नव्हे, आणि घाम उडण्याची वाट तुम्ही स्वतःच बंद करता.

पाणी किती प्यायचं, ते वजनकाटा सांगतो. व्यायामाआधी आणि नंतर वजन करा; एक किलो घटलं तर सुमारे एक लिटर पाणी गेलं. पण नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, म्हणून मीठही हवं. मीठ घातलेली उकड्या तांदळाची पेज आणि सोबत लोणच्याची फोड, ताक किंवा सोलकढी यांत ते आपसूक मिळतं. रक्तदाबाच्या रुग्णांनी मात्र मिठाबाबत आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावं. याच दिवसांत हुर्राकचा, म्हणजे काजूच्या बोंडांच्या रसापासून काढलेल्या पहिल्या धारेच्या दारूचा, हंगाम असतो. मद्य शरीरातलं पाणी राखणारं संप्रेरक दाबतं, त्यामुळे फुटबॉलच्या मॅचनंतर तहान भागवायला हुर्राक घेणं म्हणजे गेलेल्या पाण्यात आणखी घट.

डोकं दुखणं, मळमळ, पायात गोळे येणं, ही थांबण्याची खूण. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात असू शकतो. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थांबून राहू नका. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, मिळेल ते गार पाणी अंगावर ओतत राहा आणि वारा घाला. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.