टॉनिकचा निळा उजेड आणि चिमूटभर मीठ

लोअर परळमधील जुन्या कापड गिरण्यांच्या आवारांत आता रात्री उशिरापर्यंत गजबजलेली उपाहारगृहे उभी आहेत. त्यांतील एका ठिकाणी गेल्या महिन्यात भाचीच्या वाढदिवसानिमित्त जाण्याचा योग आला. तिथल्या खाद्यपत्रिकेत परीक्षानळीतून येणारे पाणीपुरीचे पाणी होते, ठेच्याचे आइस्क्रीम होते आणि कोकमाचे आगळ घातलेले टॉनिक वॉटरही होते. दहाच्या सुमारास नेहमीचे दिवे मंदावले आणि छतावरचे जांभळे दिवे लागले. त्या क्षणी भाचीच्या पुढ्यातील लिंबू पिळलेले टॉनिक गडद आकाशी रंगाने उजळून निघाले, जणू ग्लासाच्या तळाशी कुणी दिवाच ठेवला असावा. माझे कोकम-टॉनिक मात्र काळेशारच राहिले. दोन्ही पेयांत टॉनिक एकाच बाटलीतून ओतलेले आम्ही पाहिले होते, त्यामुळे भाचीचा प्रश्न रास्त होता: “मावशी, तुझा ग्लास का नाही गं पेटला?”

त्या प्रश्नाचे उत्तर मला तिथे अर्धेच देता आले, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी हा लेख लिहिते आहे. लिहिण्याचे दुसरेही एक कारण घडले. शेजारच्या मेजावरील एक गृहस्थ आपल्या मुलांना ठामपणे सांगत होते, की जत्रेत मिळणाऱ्या चमकत्या कांड्यांमधील रसायनच या पेयांत मिसळतात. दुसऱ्या दिवशी मी ग्लासाचे छायाचित्र आमच्या कौटुंबिक गटावर टाकले, तेव्हा तिथेही ‘किरणोत्सारी पेयां’पासून सावध करणारा एक संदेश येऊन पडला. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि त्या तपासायला साधा उपाय पुरतो. जांभळा दिवा बंद करावा, किंवा ग्लास अंधाऱ्या जागी न्यावा. चमकत्या कांडीतला प्रकाश रासायनिक क्रियेतून निर्माण होतो, म्हणून तो दिव्याशिवाय तासन्‌तास टिकतो. टॉनिकचा उजेड मात्र दिवा गेल्याबरोबर जातो, कारण तो टॉनिकने बाहेरून घेतलेल्या प्रकाशातूनच घडवलेला असतो.

टॉनिक वॉटरला कडू चव देणारा पदार्थ म्हणजे क्विनाइन, आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यातले कोयनेल. सिंकोना झाडाच्या सालीतून ते १८२० मध्ये पेलेटिए आणि कावाँतू या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी वेगळे केले आणि पुढची शंभराहून अधिक वर्षे हिवतापावरचे ते मुख्य औषध राहिले. १८५८ मध्ये लंडनच्या इरॅस्मस बाँड यांनी वायू भरलेल्या टॉनिक पेयाचे पेटंट घेतले. इंग्रज सरकारने निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या डोंगरांत सिंकोनाच्या बागा लावल्या त्याही याच काळात.

या क्विनाइनच्या रेणूला एक विशेष गुण आहे, आणि तो १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी नोंदवला. क्विनाइन सल्फेटचे द्रावण आरपार पाहिल्यास पाण्यासारखे स्वच्छ दिसते, परंतु सूर्यप्रकाश ज्या बाजूने आत शिरतो तिथल्या पृष्ठभागालगत त्यात एक निळी झाक उमटते. अशा द्रावणातून एकदा गाळून आलेल्या सूर्यप्रकाशात क्विनाइनचे दुसरे द्रावण ठेवले, तर तिथे ही निळाई दिसत नाही, हेही त्यांच्या लक्षात आले. पहिल्या द्रावणाने त्या प्रकाशातून काहीतरी काढून घेतले होते.

ते काहीतरी काय होते, हे १८५२ मध्ये जॉर्ज गेब्रिएल स्टोक्स यांनी दाखवले. लोलकातून सूर्यप्रकाशाचा वर्णपट पाडून त्यांनी क्विनाइनची नळी एकेका रंगातून सरकवत नेली. तांबड्या, पिवळ्या आणि हिरव्या पट्ट्यात काहीच घडले नाही, परंतु जांभळा पट्टा संपून डोळ्यांना जिथे अंधार दिसतो तिथे नळी पोचताच ती निळ्या प्रकाशाने उजळली. अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण क्विनाइन ते शोषते आणि त्यांच्या जागी दिसणारा निळा प्रकाश बाहेर टाकते. स्टोक्स यांनी या घटनेला फ्लोराइट या खनिजावरून नाव दिले, आणि मराठीत आपण तिला प्रतिदीप्ती म्हणतो. त्यांचा दुसरा एक प्रयोग तर मला फारच प्रिय आहे. त्यात आत येणारा प्रकाश गाळायला त्यांनी चर्चच्या खिडकीची निळी काच वापरली आणि बाहेर पडणारा प्रकाश वेगळा काढायला पांढऱ्या वाइनचा ग्लास! जी गोष्ट आज पेयगृहात पाहून आपण थक्क होतो, तिच्या अभ्यासात पेयाचा ग्लास आरंभापासूनच उपस्थित होता.

आता रेणूच्या आत काय घडते ते पाहू. क्विनाइन सुमारे ३५० नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) तरंगलांबीचा अतिनील प्रकाश उत्तम शोषते आणि सुमारे ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश देते. तरंगलांबी वाढली की प्रकाशकणाची ऊर्जा त्याच प्रमाणात घटते, म्हणून हा व्यवहार अडत कापून घेणाऱ्या अडत्यासारखा आहे. रेणूने शंभर रुपयांची ऊर्जा घेतली तर तो साधारण अठ्ठ्याहत्तर रुपये प्रकाशरूपाने परत करतो. उरलेले बावीस रुपये रेणूच्या कंपनांत आणि भोवतालच्या पाण्याच्या रेणूंना दिलेल्या धक्क्यांत, म्हणजेच उष्णतेत खर्च होतात. बाहेर येणारा प्रकाश नेहमी तांबड्या टोकाकडे सरकलेला का असतो, याचे कारण ही अडत.

या व्यवहाराला वेळ किती लागतो, यातच माझ्या काळ्या ग्लासाचे रहस्य आहे. अतिनील कण शोषल्यावर रेणूतील एक इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर जातो. जास्तीची कंपने सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही हजाराव्या भागात, म्हणजे काही पिकोसेकंदांत, निवळतात. त्यानंतर मात्र इलेक्ट्रॉन सुमारे २० नॅनोसेकंद वरच रेंगाळतो आणि मग खाली येताना निळा प्रकाशकण सोडतो. एक नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग, आणि २० नॅनोसेकंदांत प्रकाश जेमतेम ६ मीटर जातो, पेय बनवण्याच्या फळीपासून आमच्या मेजापर्यंत. आपल्या दृष्टीने हा काळ नगण्य असला तरी रेणूंच्या जगात तो फार मोठा आहे, कारण तेवढ्या वेळात शेजारून जाणारा कुणीही त्या उत्तेजित रेणूवर येऊन आदळू शकतो.

आदळणारा आयन, म्हणजे विद्युतभारित कण, क्लोराइडचा असेल, तर क्विनाइनची ऊर्जा प्रकाशकण न सोडताच त्या धडकेत मोकळी होते आणि उष्णता होऊन पाण्यात जिरते. विज्ञानात याला प्रतिदीप्तीचे शमन म्हणतात. क्लोराइड आपल्या स्वयंपाकघरात कुठे असते, हे सांगायला नको. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, आणि ते पाण्यात विरघळले की सोडियम व क्लोराइड हे आयन सुटे होतात. सोडियमकडून या उजेडाला काही धोका नाही.

दोनशे मिलिलिटर टॉनिकमध्ये एक ग्रॅम मीठ विरघळवले, असे धरून मी हिशेब मांडला. अशा पाण्यात दोन शेजारच्या क्लोराइड आयनांमधील सरासरी अंतर ३ नॅनोमीटरहूनही कमी भरते. दुसरीकडे, पाण्याच्या रेणूंचे धक्के खात इकडेतिकडे भरकटणारा क्लोराइड आयन २० नॅनोसेकंदांत साधारण १५ नॅनोमीटर दूर जातो. शेजारचे घर तीन पावलांवर आहे आणि हिंडणाऱ्याला पंधरा पावले चालण्याची मुभा आहे, तेव्हा गाठ पडणे जवळजवळ ठरलेलेच. क्विनाइनचा इलेक्ट्रॉन २० ऐवजी एकच नॅनोसेकंद वर थांबला असता, तर यातल्या बहुतेक धडका उशिरा पोचल्या असत्या आणि खारट टॉनिकही झळाळले असते. इतक्या अल्प कालावधीचे मोजमाप आपण मिठाच्या डब्याच्या साहाय्याने करू शकतो, ही गोष्ट मला आजही विलक्षण वाटते.

कोकमाचे आगळ मीठ घालूनच टिकवलेले असते. माझ्या ग्लासातील क्विनाइन जांभळ्या दिव्याकडून अतिनील प्रकाश घेत होते, परंतु आगळातील क्लोराइड ती ऊर्जा वाटेतच उतरवून घेत होते. यात आगळाच्या गडद रंगाचाही वाटा आहे, कारण रंगद्रव्येही येणारा-जाणारा प्रकाश शोषतात. मिठाचा वाटा वेगळा काढण्यासाठी मी घरी साध्या टॉनिकवर प्रयोग केला. नोटा तपासण्यासाठी मिळते ती ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी त्यासाठी पुरते, मात्र तिच्या झोताकडे थेट पाहू नये. दोन सारख्या ग्लासांत टॉनिक ओतून त्याचा फेस निवू द्यावा, मग एकात साखर आणि दुसऱ्यात तेवढेच मीठ हळूहळू घालावे. दोन्ही ग्लास फसफसतात, कारण दाण्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर वायूचे बुडबुडे तयार होतात. तो फेस बसला की फरक स्पष्ट दिसतो. साखरेचा ग्लास पहिल्यासारखाच निळा राहतो, तर मिठाचा मंदावत जातो आणि अर्धा चमचा मीठ पोटात गेल्यावर जवळजवळ विझतो. लिंबाने उजेड बिघडत नाही. टॉनिकमध्ये सायट्रिक आम्ल आधीच असते आणि आम्लधर्मी पाण्यात क्विनाइन अधिक चांगले झळाळते, म्हणूनच प्रयोगशाळेत ते सौम्य गंधकाम्लात विरघळवतात. तिथे शोषलेल्या दर शंभर प्रकाशकणांमागे साधारण पंचावन्न निळे प्रकाशकण बाहेर पडतात. हे प्रमाण इतके भरवशाचे आहे, की इतर पदार्थांची प्रतिदीप्ती मोजताना क्विनाइन सल्फेट हे प्रमाण म्हणून वापरले जाते.

कधीकधी मीठ नसतानाही टॉनिक फिकेच दिसते, तेव्हा दोष दिव्याचा असू शकतो. पुष्कळ ठिकाणी ४०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश देणारे स्वस्त जांभळे एलईडी लावलेले असतात. ते डोळ्यांना अधिक भडक दिसतात, पण त्या तरंगलांबीला क्विनाइन फारच थोडा प्रकाश शोषते.

याच दिव्यांखाली भाचीचा पांढरा सदरा टॉनिकइतकाच झळाळत होता आणि त्याचेही कारण प्रतिदीप्तीच आहे. जुन्या काळी कपड्यांना नीळ देत असत. नीळ हा साधा रंग आहे. तो कापडावरचा पिवळेपणा शोषतो, पण त्यामुळे कापडावरून येणारा एकूण प्रकाश घटतो. नंतर आलेले टिनोपाल अतिनील प्रकाश शोषून निळा प्रकाश देते, म्हणजे कापडावरून परतणाऱ्या दृश्य प्रकाशात भर घालते. नोटेच्या कागदात मात्र अशी झळाळी येऊ देत नाहीत. अतिनील दिव्याखाली खरी नोट काळसर दिसते आणि तिच्यावरचे क्रमांक व कागदातले बारीक तंतू तेवढे चमकतात. खरे दातही निळसर पांढरे उजळतात, तर काही कृत्रिम दात अशा उजेडात काळे दिसतात. तेलात किंवा मद्यार्कात विरघळलेली हळद पिवळसर हिरवी झळाळते. दुधातील रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, तेही हिरवट पिवळा प्रकाश देते.

दुधाचा विषय निघालाच आहे, तर कोजागिरीबद्दल एक गोष्ट स्पष्ट करते. चंद्रकिरणांमुळे आटवलेल्या दुधात औषधी शक्ती उतरते, असे दरवर्षी लिहून येते आणि त्याला आता प्रतिदीप्तीसारख्या शब्दांची जोडही दिली जाते. चांदणे म्हणजे चंद्रावरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाशच, आणि पौर्णिमेचे चांदणे उन्हाच्या सुमारे चार लाखाव्या भागाइतके असते. उन्हात जे किरण आहेत त्यांहून निराळे असे त्यात काही नाही. कोजागिरीचे मसाला दूध मलाही आवडते. गच्चीवर जमलेली माणसे, गाणी आणि गप्पा यांसाठी ते प्यावे, त्याला वैद्यकीय आधार शोधू नये.

टॉनिकच्या बाबतीत तर असा प्रचार अधिक घातक ठरतो. २०२० च्या साथीत टॉनिक वॉटरने विषाणू मरतो असे संदेश फिरले आणि लिंबाची साल उकळून घरीच क्विनाइन बनवण्याच्या कृतीही फिरल्या. लिंबाच्या सालीत क्विनाइन नसते, ते सिंकोनाच्या सालीतून येते. हिवतापावरही टॉनिकचा उपयोग नाही. अमेरिकेतील नियमानुसार एक लिटर टॉनिकमध्ये फार तर ८३ मिलिग्रॅम क्विनाइन असू शकते, आणि हिवतापाच्या उपचारात प्रौढ व्यक्तीला एका वेळी ६०० मिलिग्रॅमच्या आसपास, तेही दिवसातून तीनदा, देत असत. एका मात्रेसाठीच सात लिटरांहून अधिक टॉनिक प्यावे लागेल. याउलट, काही थोड्या लोकांच्या रक्तातील बिंबाणू (प्लेटलेट) टॉनिकमधल्या अल्प क्विनाइननेही घटतात. ज्यांना क्विनाइनचा त्रास पूर्वी झाला आहे त्यांनी हा उजेड लांबूनच पाहावा.

घरच्या प्रयोगानंतर भाचीला घेऊन मी पुन्हा त्याच ठिकाणी गेले. पेये बनवणाऱ्या तरुणाला सगळी हकीकत सांगितली. मीठ पेयात न घालता फक्त ग्लासाच्या काठाला लावून पाहू, असे त्यानेच सुचवले. जांभळे दिवे लागले, पहिला घोट खारट लागला आणि ग्लास पूर्ण निळा राहिला. थोड्या वेळाने काठावरचे काही दाणे सुटून आत पडले. भाची ग्लासाला डोळा लावून बसली होती. दाणे विरघळत खाली उतरत गेले, तसतशा त्या निळ्या उजेडात त्यांच्या मागोमाग बारीक काळ्या रेघा तळापर्यंत ओढल्या गेल्या.