पोटऱ्यांचा ताठरपणा व अकिलीस कंडरेचे दुखणे (धावपटूंमधील) : कारणे आणि उपशमन

लांब पल्ल्याचे अंतर धावणाऱ्यांमध्ये पोटऱ्या आवळून येणे आणि टाचेच्या वरची जाड कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) दुखणे या दोन तक्रारी बहुधा जोडीने आढळतात. त्यांवर विश्रांती, ताण देणे, मालीश, बुटात टाचेखाली उंचवटा आणि भारयुक्त व्यायाम असे उपाय केले जातात. त्यांपैकी क्रमाक्रमाने वाढवलेल्या भाराचा उपाय आज सर्वांत भक्कम पुराव्यावर उभा आहे. पुण्यात या तक्रारींचा हंगाम पाऊस ओसरल्यापासून डिसेंबरपर्यंतचा मानता येईल, कारण १९८३ मध्ये सुरू झालेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन परंपरेने डिसेंबरच्या पहिल्या रविवारी होत आली आणि शहरातील अनेकांचा सराव त्या तारखेच्या हिशेबाने वाढत जातो.

रचना : पोटरीत मुख्यतः दोन स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रॉक्नेमियस मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकापासून दोन शिरांनी निघतो, म्हणजे तो गुडघा आणि घोटा असे दोन्ही सांधे ओलांडतो. त्याखालचा सोलियस नडगीच्या आणि तिच्या बाजूच्या हाडापासून निघून केवळ घोटा ओलांडतो. दोन्ही मिळून सुमारे १५ सेंमी. लांबीची अकिलीस कंडरा तयार होते. तिचे तंतू खाली येताना पीळ घेतात आणि टाचेच्या हाडाला मागून चिकटतात. गुडघा सरळ ठेवून केलेला व्यायाम आणि गुडघा वाकवून केलेला व्यायाम यांत फरक का करायचा, याचे उत्तर या रचनेत आहे : गुडघा वाकला की वरचा स्नायू सैल पडतो आणि कामाचा मोठा वाटा सोलियसकडे जातो. फिनलंडमधील संशोधक पाव्हो कोमी यांनी कंडरेभोवती शस्त्रक्रियेने बसवलेल्या मापकाच्या साहाय्याने धावतानाचा जो ताण नोंदवला, तो शरीराच्या वजनाच्या १२ पटींच्या घरात जातो. गणिती प्रतिमानांवरून काढलेले अंदाज बहुधा ६ ते ८ पटींचे असतात. नेमका आकडा कोणताही धरला, तरी दर पावलाला पडणारा हा भार शरीरातील अन्य कोणत्याही कंडरेला क्वचितच सोसावा लागतो.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात १६ कंडरा सांगितल्या असून त्यांपैकी ४ पायांत आहेत. पोटरीच्या मध्यावर, टाचेच्या रोखाने, इंद्रबस्ती हे मर्मही तेथेच वर्णिले आहे. संहितेचा काळ वादग्रस्त असून तिचे आजचे रूप इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत सिद्ध झाले असावे. त्या चारांपैकी एक म्हणजे अकिलीस कंडराच, असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. पण गृध्रसीच्या (सायटिकासारख्या पायाच्या विकाराच्या) वर्णनात टाचेपासून बोटांकडे जाणारी कंडरा अभिप्रेत असल्याने हे समीकरण सैलच ठेवलेले बरे.

कारणमीमांसा : दुखणे बहुधा टाचेच्या हाडापासून २ ते ६ सेंमी. वर असते. हीच जागा का, हा जुना वाद आहे. लागरग्रेन आणि लिंडहोल्म यांनी १९५८ मध्ये रक्तवाहिन्यांच्या चित्रणावरून या पट्ट्यात रक्तपुरवठा तुटपुंजा असल्याचे मांडले आणि पुढील अनेक पाठ्यपुस्तकांनी ते जसेच्या तसे उचलले. १९९४ मध्ये ऑस्ट्रॉम आणि वेस्टलिन यांनी जिवंत माणसांत लेसरच्या साहाय्याने रक्तप्रवाह मोजला, तेव्हा तो कंडरेभर बराचसा समान आढळला. कमी होता तो हाडाला चिकटण्याच्या जागेजवळ. शिवाय जुनाट दुखण्यात नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या वाढलेल्या दिसतात. त्यामुळे ‘रक्त पोहोचत नाही म्हणून कंडरा झिजते’ हे स्पष्टीकरण आज एकट्याने पुरेसे वाटत नाही. पिळामुळे या पट्ट्यातील तंतूंवर विषम ताण येतो, हे मत तुलनेने अधिक पटण्यासारखे आहे.

दुसरा वाद दाहाचा. पूर्वी या दुखण्याला सरसकट कंडरादाह म्हटले जाई आणि उपचारही दाहशामक गोळ्यांचा असे. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दाहाच्या पेशींऐवजी विस्कटलेले कोलॅजन (कंडरेतील मुख्य प्रथिन) आणि वाढलेला जलधारक द्रव्यांश दिसू लागला. इटालियन शल्यविशारद पुद्दू यांनी १९७६ मध्ये झीज सुचवणारी संज्ञा पुढे आणली आणि १९९८ मध्ये माफुल्ली, खान व पुद्दू यांनी ही परिभाषाच बदलावी असे आग्रहाने मांडले. २००९ मध्ये कुक आणि पर्डम या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी प्रतिक्रिया, विस्कळीतपणा आणि झीज अशा तीन सलग अवस्था कल्पिल्या. या मांडणीचे वैशिष्ट्य असे, की पहिल्या अवस्थेत भार कमी करणे आणि पुढील अवस्थांत भार वाढवणे, अशी उपचाराची दिशाच बदलते. अलीकडे दाहाचा काही वाटा असावा असे पुन्हा म्हटले जात आहे. तरीही तो जुन्या अर्थाचा दाह नव्हे, यावर बहुतेकांचे एकमत दिसते.

या संदर्भात डॅनिश संशोधकांचे २०१३ चे काम लक्षणीय आहे. १९५० च्या आणि १९६० च्या दशकांतील अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेला किरणोत्सारी कार्बन-१४ मृत व्यक्तींच्या अकिलीस कंडरेत किती उरला आहे, हे त्यांनी तपासले. कंडरेचा गाभा साधारणपणे सतराव्या वर्षांपर्यंत घडतो आणि त्यानंतर तेथील कोलॅजन जवळजवळ बदलत नाही, असा निष्कर्ष निघाला. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, कंडरा मात्र आपल्या गतीने चालते. धावण्याचे अंतर एकदम वाढवणाऱ्याचा दम टिकतो आणि टाच दुखते, त्याचा उलगडा यातून बऱ्याच अंशी होतो.

पोटरी आवळल्याची जाणीव आणि स्नायूची लांबी खरोखर कमी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. भिंतीसमोर उभे राहून, टाच जमिनीवर टेकलेली ठेवून गुडघा भिंतीला लावावा आणि अंगठा भिंतीपासून किती मागे नेता येतो ते मोजावे, १० सेंमी.च्या आसपास अंतर भरले, तर घोट्याची हालचाल सहसा पुरेशी समजतात. अंतर पुरेसे असूनही आवळल्यासारखे वाटत असेल, तर ती थकलेल्या, भाराला कमी पडणाऱ्या स्नायूची तक्रार असण्याची शक्यता अधिक आणि अशा वेळी ताणत राहून फारसे साधत नाही.

उपाय : कॅनडातील स्टॅनिश आणि कर्विन यांनी १९८० च्या दशकात स्नायू लांबत असताना भार पेलण्याचा व्यायाम सुचवला होता, त्याला प्रसिद्धी मिळाली ती १९९८ मध्ये स्वीडनमधील हाकान आल्फ्रेडसन यांच्या छोट्या अभ्यासाने. कृती अशी : जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त चवडे टेकून, एका हाताने कठडा धरून उभे राहावे, दोन्ही पायांनी टाचा वर न्याव्यात, चांगला पाय उचलावा आणि दुखऱ्या पायाची टाच पायरीच्या पातळीखाली सावकाश उतरवावी, वर जाताना पुन्हा चांगल्या पायाची मदत घ्यावी. गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ संच, वाकवून तितकेच, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. हे सोपे झाले की पाठीवर वजनाची पिशवी घ्यायची. दिवसाला १८० आवर्तने होतात आणि बहुतेक माणसे तिसऱ्या आठवड्यात कंटाळतात. २०१४ मधील एका तुलनेत झेपतील तेवढीच आवर्तने करणाऱ्यांनाही तितकाच आराम पडल्याचे दिसले, तर २०१५ मध्ये आठवड्यातून तीनदा जड वजनाने सावकाश केलेला व्यायाम परिणामात तोलामोलाचा ठरला. याचा अर्थ विशिष्ट आकड्यापेक्षा पुरेसा जड भार, संथ गती आणि सातत्य यांना महत्त्व द्यावे, असा घेणे योग्य वाटते.

दुखणे ऐन टाचेच्या हाडाशी असेल तर टाच पायरीखाली उतरवू नये. कंडरा हाडावर दाबली जाऊन त्रास वाढतो. अशांनी सपाट जमिनीवरच व्यायाम करावा. टाचेखाली उंचवटा ठेवल्याने तात्पुरता आराम पडतो.

धावणे पूर्ण बंद करावे लागतेच असे नाही. स्वीडनमधील सिल्बरनागेल यांच्या २००७ च्या अभ्यासात ० ते १० या मापावर ५ पर्यंतचे दुखणे चालवून घेतले होते, मात्र ते दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उतरले पाहिजे अशी अट होती. अंथरुणातून उठल्यावरची पहिली काही पावले हीच त्यामुळे सर्वांत भरवशाची मोजपट्टी ठरते.

पुण्यातील परिस्थिती : येथील धावपटू दोष बहुधा सिमेंटच्या रस्त्यांना देतात. पृष्ठभाग बदलला की धावणारा पायाचा ताठरपणा आपोआप जुळवून घेतो, असे १९९० च्या दशकातील प्रयोगांत दिसले आहे. तेव्हा रस्त्यापेक्षा चढ अधिक संशयास्पद आहेत. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, तळजाई आणि पर्वती शहरातच असल्याने, आठवडाभर सपाटीवर धावणारा माणूस रविवारी थेट टेकडी गाठतो किंवा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड चढतो. चढावर घोटा अधिक वाकतो आणि कंडरा लांबलेल्या अवस्थेत भार झेलते. दुखरे आठवडे सपाटीवर काढून टेकडी शेवटी परत घ्यावी, असा सल्ला दिला जातो. अर्थात पुणेकर तो न बोलता मान्य करील याची खात्री नाही.

पोटरी ताणण्याची परंपरा शहरात दोन वाटांनी आली. पहिली योगाची : योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले आणि १९७५ मध्ये मॉडेल कॉलनीतील त्यांची संस्था उभी राहिली. त्यांच्या पद्धतीत उतरत्या फळीवर पाय ठेवून किंवा टाचा भिंतीला टेकवून अधोमुख श्वानासन करतात. सोलियसपर्यंत ताण पोहोचवायचा असेल तर गुडघे किंचित वाकवावे लागतात, हे मात्र त्या आसनाच्या प्रमाण रूपात बसत नाही. दुसरी वाट पेठांतील तालमींची. चवड्यावर तोल ठेवून मारलेल्या बैठका हा सोलियससाठी चांगला भारयुक्त व्यायाम आहे, आणि तेलाच्या मालिशीने तात्पुरते मोकळे वाटते. कंडरेवर मात्र जोर लावून रगडू नये.

दक्षता : धावताना मागून कोणी लाथ मारल्यासारखा झटका बसून टाच उचलता येईनाशी झाली, तर कंडरा तुटल्याचा संशय घ्यावा. पालथे झोपवून पोटरी दाबल्यावर पाऊल हलत नाही, ही खूण सिमंड्स (१९५७) आणि थॉमसन (१९६२) यांनी नोंदवली आहे. एकाच पोटरीला सूज, उष्णता आणि ठणका असल्यास शिरेत रक्ताची गुठळी नाही ना, हे आधी पाहावे. कंडरेत स्टेरॉइडचे इंजेक्शन टाळतात. सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन यांसारखी प्रतिजैविके कंडरेला इजा करू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यांच्या वेष्टनावर तशी ठळक सूचना बंधनकारक केली. ही औषधे आपल्याकडे मूत्रमार्गाच्या संसर्गावर सर्रास दिली जात असल्याने, ती सुरू असताना टाच दुखू लागल्यास धावणे थांबवून ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.